गिअरबॉक्सच्या तेलातला ‘नव्वद नंबर’ कुठून आला

बेळगावच्या उद्यमबागेतल्या गॅरेजपासून निपाणीच्या हायवेवरच्या दुकानापर्यंत कुठेही गिअर ऑईल मागा, समोरून एकच प्रश्न येतो: नव्वद की एकशेचाळीस? गिअरबॉक्सला नव्वद, मागच्या हाउसिंगला (डिफरन्शलला) एकशेचाळीस, हा हिशेब ट्रक, जीप आणि ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर बसलेला आहे. जुनी ऑक्टाव्हिया आरएस, होंडा सिटी व्हीटेक किंवा बाहेरून आणलेली एखादी पोर्शे त्याच पिंपातल्या तेलावर आणली की मात्र घोळ सुरू होतो. सकाळी दुसरा गिअर पडत नाही, जोरात बदलताना तिसरा खरडतो आणि दोष क्लचच्या माथी जातो.

नव्वद हा नुसता पातळ-घट्टपणाचा आकडा आहे. एसएई या मोटार अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०६ तक्त्यानुसार १०० अंश सेल्सिअसला ज्या तेलाची विष्यंदिता, म्हणजे घट्टपणा, साधारण १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचे एकक) भरते ते नव्वद. इंजिन ऑईलची मोजपट्टी वेगळी. तिथल्या चाळीस नंबरची विष्यंदिता १२.५ ते १६.३ असते, म्हणजे इंजिनातले चाळीस आणि गिअरबॉक्समधले नव्वद जवळपास सारखेच घट्ट. दोन आकडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणूनच पट्ट्या वेगळ्या ठेवल्या. होंडा कित्येक वर्षे आपल्या गिअरबॉक्सला १०डब्ल्यू-३० इंजिन ऑईल सांगत असे, नंतर तिने स्वतःचे एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचे खास तेल, काढले. त्या गाडीत नव्वद ओतले की थंडीत गिअर जड होणारच, कारण मुळात तेल बरेच घट्ट झालेले असते.

तेल किती घट्ट आहे याहून त्यात काय मिसळले आहे हा प्रश्न मोठा, आणि त्याचा इतिहास मागच्या डिफरन्शलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचात, सुरू होतो. १९२० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने हायपॉइड गिअर आणला आणि पॅकार्डने तो मोटारीत बसवला. यात पिनियन, म्हणजे फिरवणारा छोटा गिअर, क्राऊन या मोठ्या गिअरच्या मध्यरेषेच्या खाली बसतो. गिअरबॉक्सपासून मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट खाली येतो, गाडी बुटकी करता येते. पण त्याची किंमत दात मोजतात: ते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात. साध्या खनिज तेलाचा पापुद्रा त्या दाबाखाली फाटतो आणि दात एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात. म्हणून तेलात शिशाचा साबण आणि गंधक घालायला सुरुवात झाली. गंधक तापलेल्या पोलादाशी संयोग पावते, दातावर एक बळी जाणारा थर तयार होतो आणि धातूऐवजी तो थर झिजतो. याला एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजेच डब्यावरचे ‘ईपी’ म्हणतात. गंधक जिरवलेले स्पर्म व्हेलचे तेलही यात पुष्कळ वापरले जाई. १९७० मध्ये अमेरिकेने या व्हेलला संकटग्रस्त ठरवून आयात थांबवली, आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधावा लागला. पुढे गंधक-फॉस्फरसची जोडी रूढ झाली. आजचे ईपी तेल त्याच वंशातले. तीव्र वास येतो तो गंधकाचा.

अमेरिकन लष्कराने १९५० मध्ये गिअर ऑईलचे एमआयएल-एल-२१०५ हे मानक आणि १९६२ मध्ये त्याची ‘बी’ आवृत्ती काढली. एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचे डब्यावर दिसणारे जीएल-४ आणि जीएल-५ हे दर्जे ढोबळमानाने या दोन पातळ्यांचेच. जीएल-५ मध्ये ईपी रसायन साधारण दुप्पट असते. ‘पाच म्हणजे चारच्या वरचे, म्हणून जास्त चांगले’ हा समज इथेच जन्मला. पाच हा आकडा हायपॉइडच्या दातांसाठी वरचा आहे. गिअरबॉक्समधल्या पितळेबद्दल तो काहीच सांगत नाही.

पितळ आले ते सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या यंत्रणेबरोबर. कॅडिलॅकने १९२८ मध्ये तो प्रथम आणला. सिंक्रो रिंग म्हणजे छोटा शंकूसारखा क्लच. गिअर टाकताना ही पितळी रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते, तिच्या खाचा मधले तेल कापून बाहेर काढतात, घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो आणि मगच गिअर जोडणारी स्लीव्ह पुढे सरकते. हे घर्षण हवेच असते. जे रसायन हायपॉइडला घसरू देते तेच इथे रिंगेला पकडू देत नाही, म्हणून खरडण्याचा आवाज येतो. दुसरे नुकसान सावकाश होते. सक्रिय गंधक पितळेतल्या तांब्यावर काळपट थर चढवते आणि प्रत्येक गिअरबदलाला तो खरवडला जातो. ही चाचणी तांब्याच्या पट्टीवर करतात: १२१ अंशांच्या तेलात पट्टी तीन तास ठेवून तिचा रंग पाहतात. तेलाच्या डेटा शीटवर १ए किंवा १बी दिसले तर ते पितळेला सौम्य. हा आकडा विचारून घ्यावा. आजची बरीच जीएल-५ तेले पूर्वीइतकी जहाल राहिलेली नाहीत, पण ती घर्षण बरोबर देतील याची हमी त्यातून मिळत नाही.

मग सगळ्यांना जीएल-४ द्यावे का? गाडीची रचना पाहावी लागते. पोर्शे ९११ आणि सुबारूत गिअरबॉक्स आणि डिफरन्शल एकाच पेटीत एकाच तेलावर चालतात. सुबारू म्हणूनच जीएल-५ सांगते. १९७२ ते १९८६ च्या ९११ मधल्या ९१५ गिअरबॉक्समध्ये पोर्शेच्या स्वतःच्या धाटणीच्या पोलादी सिंक्रो रिंगा आहेत आणि तेल सुमारे ३ लिटर लागते. आडवे इंजिन असलेल्या ऑक्टाव्हियासारख्या गाडीतही डिफरन्शल आतच असते, पण तिचे फायनल ड्राइव्हचे दात तिरपे, हेलिकल असतात, हायपॉइड नसतात. तिथे जीएल-५ ची गरजच नाही. फोर्ड मस्टँगमधल्या ‘वर्ल्ड क्लास’ टी-५ गिअरबॉक्समध्ये रिंगांना कागदी अस्तर असल्याने चक्क ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल तेल, एटीएफ, लागते. लिमिटेड स्लिप (एक चाक एकटेच फिरू न देणाऱ्या) डिफरन्शलचे ‘एलएस’ लिहिलेले तेल मात्र गिअरबॉक्समध्ये कधीही घालू नये. त्यात मुद्दाम घसरणारे रसायन असते.

आपल्या हवामानाचा विचार केला तर डब्यावरचा पहिला, डब्ल्यूचा आकडा थंडीचा: ७५डब्ल्यू म्हणजे उणे ४० अंशांपर्यंत तेल फार न थिजण्याची हमी, ८०डब्ल्यू म्हणजे उणे २६ अंशांची. बेळगावची कडक थंडीही शून्याच्या बरीच वर असते, त्यामुळे दोन्ही चालतात. सिंथेटिक ७५डब्ल्यूने सकाळचे पहिले चार किलोमीटर गिअर हलका पडतो, एवढा फायदा खरा. चोर्ला, आंबोलीचा चढ किंवा अथणीकडचा उन्हाळा यात शेवटचा आकडा, म्हणजे ८० की ९०, जास्त महत्त्वाचा. तो मॅन्युअलमधलाच घ्यावा.

बदलताना आधी भरण्याचा प्लग सैल करावा आणि मग ड्रेन प्लग. उलट केले आणि वरचा प्लग जाम निघाला तर रिकामी पेटी घेऊन गाडी तिथेच अडकते. तेल कोमट असताना काढावे, गाडी सपाट हवी. चुंबकाला करडा मऊ लगदा लागला तर तो नेहमीचाच. लोखंडाचे कण टोचले तर दात किंवा बेअरिंग गेले आहे, आणि तेलात सोनेरी चमक दिसली तर पितळी रिंग झिजते आहे. वायसर नवीन घालावा, अल्युमिनियमच्या पेटीत प्लग मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळावा. भरण्याच्या भोकाच्या काठाशी तेल आले की थांबावे. जास्त भरले तर फेस होतो आणि सीलमधून तेल क्लचवर येऊ शकते. खानापूर-जांबोटीच्या पावसात गाडी पाण्यातून काढली असेल तर ब्रीदरमधून (पेटीच्या हवेच्या भोकातून) पाणी आत जाऊ शकते. तेल दुधट दिसले की किलोमीटर न मोजता बदलावे, आणि आठवडाभराने प्लग उघडून पुन्हा रंग पाहावा.