साली, मसाले आणि पातेल्यावरचे झाकण

संत्र्याची साल आणि दालचिनी उघड्या पातेल्यात उकळत ठेवली की सारे घर दरवळते आणि पेय उत्तम जमत असल्याचा समज होतो. वस्तुतः तो दरवळ म्हणजे पेयाचे नुकसानच, कारण जो सुगंध घरभर पसरला तो आता कपात येणार नसतो. फळांच्या उरलेल्या साली आणि थोडे मसाले यांपासून केलेल्या, चहापत्ती नसलेल्या या ‘चहा’त कोणता घटक पाण्यात उतरतो, कोणता वाफेबरोबर निघून जातो आणि कोणता उष्णतेने मोडतो, एवढे समजून घेतले तर कृती पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही.

संत्र्याची ताजी साल दुमडली की तिच्यातून बारीक फवारा उडतो. हे सुगंधी तेल सालीच्या बाहेरच्या रंगीत थरातील सूक्ष्म पिशव्यांत साठलेले असते आणि त्याचा 90 टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या द्रव्याचा असतो. लिमोनीनचा उत्कलनबिंदू सुमारे 176 अंश सेल्सिअस आहे. मग 100 अंशांना उकळणाऱ्या पाण्यातून ते उडून कसे जाते? एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की प्रत्येकाचा बाष्पदाब (वाफ होऊन निघण्याचा जोर) स्वतंत्रपणे काम करतो, आणि त्यांची बेरीज वातावरणाच्या दाबाइतकी झाली की ते मिश्रण पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही किंचित खाली उकळू लागते. वनस्पतींतून सुगंधी तेले वेगळी काढणारे बाष्प-ऊर्ध्वपातन याच तत्त्वावर चालते, आणि झाकण न ठेवता उकळणारे पातेले नकळत तेच काम करत असते. झाकण ठेवले तर वाफ त्यावर थंड होऊन पुन्हा खाली ठिबकते; म्हणूनच झाकण उचलताना त्याच्या आतील थेंब पातेल्यातच झटकावेत.

मसाल्यांची अडचण वेगळी आहे. दालचिनी ही झाडाची साल आणि लवंग ही वाळलेली कळी असल्यामुळे त्यांच्या घट्ट पेशींत पाणी शिरायला आणि आतील रेणू बाहेर यायला वेळ लागतो. रेणूंच्या या विसरणाला, म्हणजे आपोआप पसरत जाण्याला, लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे आल्याच्या चकतीची जाडी निम्मी केली की वेळ साधारण एक चतुर्थांशावर येतो. मात्र याच न्यायाने दालचिनीची पूड वापरण्याचा मोह टाळावा, कारण ती पाण्यात बुळबुळीत होते आणि गाळणीतून नीट गाळली जात नाही.

उकळून केलेला तो काढा आणि गरम पाण्यात नुसता भिजवून केलेला तो फांट, हा मराठीतला जुना भेद येथे नेमका उपयोगी पडतो. अर्धा लिटर पाण्यात दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन लवंगा, आल्याच्या चार-पाच पातळ चकत्या आणि सफरचंदाच्या साली घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर दहा-बारा मिनिटे त्यांचा काढा करावा. आच बंद केल्यावर संत्र्याच्या सालीचा रंगीत भाग आणि ठेचलेली वेलची त्यात टाकून पुन्हा झाकण ठेवावे आणि सात-आठ मिनिटांनी गाळावे. सालीचा पांढरा भाग शक्यतो खरवडून टाकावा, कारण फार वेळ गरम पाण्यात राहिला तर तो पेयाला कडवटपणा देतो.

आल्याची ऊब ही निव्वळ कल्पना नाही. त्यातील जिंजेरॉल आणि ते तापवल्यावर किंवा वाळवल्यावर तयार होणारे अधिक तिखट शोगॉल ही द्रव्ये मज्जातंतूंवरील टीआरपीव्ही1 हा ग्राही (संवेदना टिपणारे प्रथिन) जागा करतात. हाच ग्राही सुमारे 43 अंशांवरील उष्णतेलाही प्रतिसाद देतो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये तो शोधून काढला आणि 2021 च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा गौरव झाला.

औषधी गुणांबाबत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. अननसाच्या सालीतील आणि मधल्या दांड्यातील ब्रोमेलेनचे गोडवे फार गायले जातात, पण ते विकर (एन्झाइम) म्हणजे प्रथिन असल्याने उकळताच निकामी होते, आणि क जीवनसत्त्वाचाही बराच भाग नष्ट होतो. तरीही आराम खोटा ठरत नाही. कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात सर्दी झालेल्या 30 जणांना फळांचे एकच पेय गरम किंवा सामान्य तापमानाला देण्यात आले. नाकातून वाहणाऱ्या हवेच्या मोजमापात फरक पडला नाही, पण घसादुखी, थंडी वाजणे आणि थकवा यांत आराम वाटल्याचे फक्त गरम पेय घेणाऱ्यांनी सांगितले. गरम म्हणजे कढत नव्हे. 65 अंशांहून अधिक गरम पेये कर्करोगास बहुधा कारणीभूत असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये नमूद केले आहे.

उरलेले फळ आणि कुजलेले फळ यांत गल्लत करू नये. सफरचंदावरील बुरशीतून निर्माण होणारे पॅट्युलिन हे विष उकळून पुरते जात नाही, म्हणून डागाळलेला भाग कापून उरलेला वापरण्याची काटकसर येथे नको. सफरचंदाच्या बिया आणि जर्दाळू, पीच यांच्या कोयी बाजूला काढाव्यात, कारण त्या ठेचल्या गेल्या की त्यांतील अमिग्डालिन या द्रव्यापासून हायड्रोजन सायनाइड हे विष तयार होते. काही औषधांचे रक्तातील प्रमाण ग्रेपफ्रूटमुळे वाढते, तेव्हा नियमित गोळ्या घेणाऱ्यांनी त्याची साल वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. कॅशिया जातीच्या दालचिनीत यकृताला अपायकारक ठरू शकणारे कुमारिन बरेच असते. रोज पिणाऱ्यांनी सिलोन दालचिनी घ्यावी.

एका दिवसात पुरेशा साली जमत नसतील तर त्या धुऊन, पुसून फ्रीझरमध्ये साठवाव्यात. गोठताना बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात, त्यामुळे अशा साली पाण्यात लवकर उतरतात आणि त्यांना ताज्या सालींपेक्षा दोन-तीन मिनिटे कमी पुरतात.