खलनायकी मोहीम

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेत, बोलून आणि फासे टाकून खेळायच्या कथाखेळात, खेळाडूंची पात्रे नायक नसून दरोडेखोर, तस्कर, भाडोत्री मारेकरी, जुलमी सत्तेचे हस्तक किंवा सरळसरळ दुष्ट असतील, तर त्या दीर्घ कथामालिकेला खलनायकी मोहीम म्हणतात. खेळाडूंच्या बोलण्यात ‘ईव्हिल कॅम्पेन’ हेच नाव जास्त चालते. नियम आणि फासे नेहमीचेच असतात. गेममास्टरचे, म्हणजे जग आणि बाकीची पात्रे सांभाळत खेळ चालवणाऱ्याचे, काम मात्र बऱ्याच अंशी उलटे होते.

ही शक्यता खेळाच्या जन्मापासूनच आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) पात्राला सुव्यवस्था, तटस्थता किंवा अनागोंदी यांपैकी एक बाजू निवडावी लागे. १९७५च्या पुरवण्यांतून चोर आणि मारेकरी हे पात्रांचे वर्ग (पेशे) आले. १९७८च्या खेळाडू-पुस्तिकेत नऊ अलाइनमेंटचा (पात्राच्या नैतिक कलांचा) तक्ता आला आणि त्यातली तीन घरे दुष्टांसाठी होती. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचे आरोप झाले. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतून मारेकऱ्यांचा स्वतंत्र वर्ग गेला, ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावेही बदलली. त्याच काळात इतर खेळ वेगळ्या वाटेने निघाले होते. ‘शॅडोरन’मध्ये (१९८९) पात्रे कंपन्यांसाठी बेकायदा कामे करणारी भाडोत्री माणसे असतात, तर ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’मध्ये (१९९१) रक्तावर जगणारी. या दुसऱ्या खेळात माणुसकीची पातळी आकड्यांत मोजली जाते. ती शून्यावर आली की पात्र खेळाडूच्या हातून जाते.

अशा मोहिमा अर्ध्यावर बंद पडतात, अशी त्यांची ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. दोष बहुधा दुष्टपणाला दिला जातो. खरी अडचण वेगळी असते : ही माणसे एकत्र का राहतात, याचे उत्तर कोणी ठरवलेलेच नसते. नायकांना संकट बांधून ठेवते. चोरांना एकत्र ठेवायला समान मालक, समान शत्रू, सामायिक कर्ज किंवा एकमेकांची गुपिते लागतात. ते नसेल तर दुसऱ्याच बैठकीत एक जण झोपलेल्या सोबत्याची थैली लांबवतो आणि वर सांगतो, “मी काय करू, माझं पात्र असंच आहे!” पात्र तसे कोणी केले, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा. दगाबाजी हीच गंमत असलेले खेळही आहेत. ‘पॅरानोइया’मध्ये (१९८४) प्रत्येक जण छुपा गद्दार असतो, पण तिथे मेलेल्या पात्राच्या जागी त्याचा पुढचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, येतो. ‘फियास्को’ (२००९) तर गेममास्टरशिवाय एका संध्याकाळीच संपतो. महिनोन् महिने चालणाऱ्या मोहिमेला हे परवडत नाही.

दुसरा प्रश्न पुढाकाराचा. नेहमीच्या मोहिमेत कट खलनायक रचतो आणि नायक तो उधळतात. म्हणजे कथा गेममास्टर हलवतो. इथे खेळाडू गप्प बसले तर काहीच घडत नाही. त्यामुळे तयार कथानक लिहून आणणारा गेममास्टर अडकतो. त्याने तयार ठेवायची ती परिस्थिती : कोणाकडे काय आहे, पहारा कसा आहे, कोण कोणाच्या वाईटावर आहे. पुढचा डाव कोणता, हे बैठक संपतानाच खेळाडूंना विचारून घेतलेले बरे. वरचा मालक हुकूम देतो, ही सोपी पळवाट आहे. दुष्ट पात्रांसाठी लिहिलेली ‘पाथफाइंडर’ या रोलप्लेइंग खेळाची ‘हेल्स व्हेंजन्स’ ही मालिका (२०१६) पात्रांना एका सैतानपूजक राजघराण्याच्या चाकरीत ठेवते. सुरुवातीला हे छान चालते. पण नुसते हुकूम पाळायचे, तर खलनायक व्हायचे कशाला?

गुन्हेगारी टोळीच्या खेळात वेळखाऊ भाग म्हणजे दरोड्याची आखणी. नकाशावर तासभर वाद होतात आणि फासा एकही पडत नाही. जॉन हार्पर यांच्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ने (२०१७) यावर भन्नाट तोड काढली. टोळी फक्त बेताचा प्रकार आणि एखादा तपशील ठरवते, की थेट कामगिरी सुरू. तिजोरीच्या दाराशी अनपेक्षित पहारेकरी उभा दिसला की खेळाडू म्हणतो, “याची जुगारातली उधारी मी कालच फेडलीये.” मागचा प्रसंग तिथल्या तिथे खेळला जातो आणि बनाव किती गुंतागुंतीचा, त्यानुसार पात्राच्या खात्यावर ताण चढतो. प्रत्येक कामगिरीनंतर टोळीवरची ‘हीट’ (कायद्याची नजर) वाढते, ती ठरावीक मर्यादेला पोहोचली की ‘वॉन्टेड’ पातळी चढते, आणि ती उतरवायची तर टोळीशी संबंधित कोणाला तरी तुरुंगात जावे लागते. कोणाला पाठवायचे यावरून होणारी चर्चा कित्येकदा दरोड्यापेक्षा रंगते.

परिणाम दाखवणे म्हणजे शिक्षा करणे नव्हे. पात्रांनी पहिला खून करताच अजिंक्य शूरवीरांची पलटण धाडणारा गेममास्टर खेळाडूंना प्रवचन देत असतो. खंडणी देणाऱ्या सराफाला नाव, घर आणि जावई द्यावा. पुढच्या खेपेला दुकानाला कुलूप असावे आणि जावई शत्रूच्या टोळीत दिसावा.

मर्यादा आधीच ठरवाव्या लागतात. त्यासाठी पहिल्या खेळाआधी ‘सेशन झिरो’ ही बैठक घेतात. रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेल्या ‘लाइन्स अँड व्हेल्स’ पद्धतीत काही गोष्टी कथेत येतच नाहीत, तर काही पडद्याआड घडतात. छळ, लैंगिक हिंसा आणि मुलांवरचे अत्याचार अनेक गट पहिल्या यादीत टाकतात. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांच्या ‘एक्स-कार्ड’ला, म्हणजे टेबलावर ठेवलेल्या X लिहिलेल्या पत्त्याला, हात लावला की चालू प्रसंग, कारण न विचारता, बदलला किंवा गाळला जातो. दुष्ट पात्र रंगवायचे म्हणजे टेबलावरच्या माणसांना त्रास द्यायचा, असा गैरसमज असलेला खेळाडू कोणत्याच साधनाने सुधारत नाही. त्याला न बोलावणे हाच उपाय.

शेवट बहुधा शहर ताब्यात येऊन किंवा लुटीच्या वाटणीवर होतो. काही गट आपसातल्या दगाबाजीवरची बंदी शेवटच्या बैठकीपुरती उठवतात. वाचलेली पात्रे मग गेममास्टरच्या ताब्यात जातात, आणि त्याच जगातल्या पुढच्या मोहिमेत त्याच खेळाडूंची नवी, सरळमार्गी पात्रे त्यांच्यावर चालून जातात.