घरची भट्टी गुन्हा कधी झाली?

‘पहिल्या धारेची’ हे विशेषण आपण शिवीपासून कवितेपर्यंत कशालाही लावतो, पण ते आलं भट्टीवरून. दारू गाळताना सुरुवातीला जी धार पडते ती सर्वांत कडक. भाषेत इतकी मुरलेली ही गोष्ट कायद्याने मात्र घराबाहेर काढली, त्याला आता जवळपास दीडशे वर्षं होतील.

हल्ली तांब्याची छोटी यंत्रं ऑनलाइन दिसतात आणि ‘घरी गाळायला सुरुवात कशी करायची’ असं लोक सहज विचारतात. महाराष्ट्रात त्याचं उत्तर एका ओळीचं आहे: परवान्याशिवाय गाळणं गुन्हा, दारूबंदी कायद्याचं कलम 65. पोलिसांच्या बातम्यांत ‘सडवा (गाळण्यासाठी आंबवलेलं मिश्रण) नष्ट केला’ या वाक्याच्या आगेमागे हे कलम हमखास सापडतं.

पूर्वी असं नव्हतं. उत्तर कोकणापासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात मोहाची दारू घरातच गाळली जाई. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे फुलं गळतात. ती वेचायची, वाळवायची, पाण्यात भिजवून काही दिवस आंबू द्यायची. मग चुलीवर एकावर एक मडकी. खालच्यात सडवा, मधल्याच्या बुडाला भोकं आणि आत एक लहान भांडं, सगळ्यात वर थंड पाण्याचं भांडं. वाफ त्या गार बुडाला लागून थेंब थेंब आतल्या भांड्यात पडते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. किती वेळा बदललं, यावर दारूची ताकद ओळखायची. जितक्या जास्त वेळा पाणी बदललं, तितकी दारू सौम्य. मोजमापाचं वेगळं साधन लागतच नव्हतं. जन्म, लग्न, मृत्यू, पेरणी, देवाचं काही, या सगळ्यांत ती लागे. पेशव्यांनीही दारूबंदीचे हुकूम काढले होते, पण डोंगरातली चूल त्यांच्या आवाक्यात कधी आली असेल असं वाटत नाही.

चुलीपर्यंत पोहोचलं ते इंग्रज सरकार, महसुलासाठी. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळणं आणि विकणं दोन्ही परवान्याखाली आणलं. अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांचं धोरण सरळ होतं: विखुरलेल्या भट्ट्या बंद, दारू मोठ्या कारखान्यांत गाळायची आणि तिथेच कर वसूल करायचा. मुंबईसमोरचं उरण त्याचं मोठं केंद्र झालं. कारखाने आणि गुत्ते बरेचसे पारशी मक्तेदारांकडे होते. काल स्वतःच्या अंगणात गाळणारा माणूस आता तीच मोहाची दारू गुत्त्यावरून पैसे मोजून घेऊ लागला, बहुतेक वेळा उधारीवर.

तरी चोरून गाळणं थांबेना. मग 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत फुलांवरच निर्बंध घातले. मोहाचं फूल टंचाईत माणसांच्या पोटाला आणि एरवी गुरांना लागतं, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. हे मला त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत निर्दय पाऊल वाटतं.

गुत्त्यांविरुद्ध राग साचत गेला. 1922 च्या सुमारास दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींनी देवीच्या आज्ञेने दारू सोडली, गुत्तेवाल्यांवर बहिष्कार टाकला. पुढे स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हेतू पार उलटा झाला होता, महसूल बुडाला तरी चालेल, पण बंदी. घरच्या भट्टीला मात्र दोन्ही राजवटींत सारखाच नकार.

बंदीने शहरात हातभट्टी फोफावली. मोहाऐवजी काळा गूळ आणि नवसागर, मडक्यांऐवजी पत्र्याचे डबे, खाडीकाठच्या झाडीत धूर. मात्र विषारी दारूचं खापर सरसकट भट्टीवर फोडू नये. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली, ती औद्योगिक मिथेनॉलमुळे. ते भट्टीत तयार झालेलं नव्हतं, बाहेरून आणलेलं होतं.

मोहफुलं गोळा करणं, साठवणं, ने-आण करणं यांवरची बंधनं राज्याने 2021 मध्ये उठवली. फूल सुटलं, गाळणं नाही.

काजूची गोष्ट तर आणखी गमतीची. गोव्यात रीतसर परवाना घेऊन बोंडूंच्या, म्हणजे काजूच्या फळांच्या, रसापासून आधी सौम्य हुर्राक आणि मग कडक फेणी गाळतात. काजूफेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याकडे आलं की झाडं तीच, बोंडूही तेच. इथे हंगामात ते बागेत झाडांखालीच कुजतात, किंवा रात्री कुठेतरी चुलीवर चढतात.