वडी, कांडी, क्रीम : दाढीच्या साबणाचे प्रकार कसे पडले

अंघोळीच्या साबणाचा फेस गालावर बघता बघता बसतो, दाढीच्या साबणाचा चांगला जमलेला फेस मात्र दाढी संपेपर्यंत तग धरतो. हा फरक घटकांमुळे पडतो. तेल-चरबीचा साबण करायला तीव्र क्षार लागतो. त्यांपैकी कॉस्टिक सोड्याने साबण कडक होतो आणि सावकाश विरघळतो. कॉस्टिक पोटॅशने तो मऊ होतो आणि पाण्यात चटकन उतरतो. दाढीच्या साबणात बहुधा दोन्ही असतात, त्यातही पोटॅशचा वाटा मोठा. जोडीला चरबीतून निघणारं स्टिअरिक आम्ल भरपूर लागतं, कारण फेसाला दाटपणा त्यानेच येतो. खोबरेल तेलाने फेस लवकर येतो, पण ते जास्त झालं तर कातडी कोरडी पडून ओढल्यासारखी वाटते.

ही जुळणी नेमकी करता येऊ लागली ती फ्रान्समधल्या दोन शोधांनंतर. निकोला लब्लां यांनी १७९१ मध्ये मिठापासून सोडा तयार करण्याचं पेटंट घेतलं आणि साबणवाल्यांना क्षारासाठी वनस्पतींच्या राखेवर विसंबून राहण्याची गरज कमी झाली. मिशेल शेव्हरल यांनी चरबीतली मेदाम्लं (स्टिअरिक आम्ल त्यांतलंच एक) वेगळी करून दाखवली. त्यांचा यावरचा ग्रंथ १८२३ चा. पुढे मेणबत्तीच्या धंद्यासाठी स्टिअरिक आम्ल मोठ्या प्रमाणावर निघू लागलं, तेव्हा साबणालाही ते सहज मिळालं.

सुरुवातीला राज्य होतं ते गोल वडीचं. ती मगात ठेवायची आणि ओल्या ब्रशने घोळायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या न्हाव्यांच्या दुकानांत नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नावं घातलेले मग फळीवर मांडलेले असत. प्रवासाला मग न्यायचा कसा, या अडचणीवर उपाय म्हणजे कांडी : ओल्या खुंटांवर थेट घासायची आणि ब्रशने फेस चेहऱ्यावरच करायचा. जिलेटचा सुटं पातं बसवायचा रेझर १९०३ मध्ये विक्रीला आला. त्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पण पहिल्या महायुद्धात असे रेझर सैनिकांच्या हाती गेले आणि रोज स्वतःच दाढी करायची सवय पसरली.

त्याच युद्धाच्या काळात ब्रशची बदनामी झाली. बॅजर या प्राण्याच्या महागड्या केसांसारखे दिसणारे, पण घोड्याच्या केसांचे आणि नीट निर्जंतुक न केलेले ब्रश बाजारात आले आणि त्यांतून अँथ्रॅक्स या जनावरांकडून येणाऱ्या जीवघेण्या रोगाची लागण झाली. ब्रिटनने १९२० मध्ये जपानी ब्रशांची आयात बंद केली. अमेरिकेत १९१९ मध्ये आलेलं बार्बसॉल ब्रशशिवाय लावायचं क्रीम होतं. १९४९ च्या सुमारास डब्यातला दाबाचा फेस निघाला. तो सोयीचा खरा, पण त्यात बरीचशी हवा असते आणि ब्रशने खुंट भिजून उभे राहतात तो फायदा बुडतो. म्हणूनच जुने प्रकार टिकून राहिले.

निवडताना आधी पाण्याचा अंश पाहावा. रुळांमधून वारंवार काढून दाबलेली कडक वडी सर्वांत कोरडी. ती महिनोन्महिने पुरते, पण ब्रशवर साबण घ्यायला तीसएक सेकंद लागतात. इटलीत न्हावी वापरत आले तो लोण्यासारखा मऊ साबण दहा-पंधरा सेकंदांत उतरतो. क्रीम बदामाएवढं पुरतं; नवख्याने तिथून सुरुवात करावी. वितळवून साच्यात ओतलेल्या पारदर्शक ग्लिसरीन साबणाचा फेस बहुतेकदा पातळच निघतो.

फेस बिघडतो तो बहुधा पाण्याच्या हिशेबामुळे. ब्रश झटकून घ्यावा, साबण भरावा आणि मग काही थेंब पाणी घालत मिनिट-दीड मिनिट फिरवत राहावं. फेस निस्तेज आणि घट्ट असेल तर पातं अडखळतं, अशा वेळी थोडं पाणी वाढवावं. मोठे फुगे येऊन फेस ओघळला तर साबण कमी पडलाय. सुरेख चकाकी आली आणि ब्रश उचलल्यावर टोक किंचित वाकलं की फेस झाला. एवढं करूनही बसत असेल तर पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा पांढरा साका होतो. साबण वाढवावा, नाहीतर फेसापुरतं डिस्टिल्ड पाणी घ्यावं. हाच साका ब्रशच्या केसांवरही चढतो. एक भाग व्हिनेगर आणि नऊ भाग कोमट पाणी यांत केस पाच मिनिटं बुडवून, मग स्वच्छ धुऊन तो निघतो.

दाढी झाल्यावर वडीवरचं पाणी ओतून टाकावं आणि ती उघडी वाळू द्यावी. झाकण पूर्ण सुकल्यावरच लावावं, नाहीतर बुरशी धरते. सुकलेली वडी मात्र झाकूनच ठेवावी, कारण सुगंध उडून जातो. लोखंडी डबा टाळावा. गंजाचा संपर्क आला की तेलं लवकर खवट होतात आणि नारिंगी डाग पडतात. वडीला तडे गेले तर काळजी नको, ते कोरडेपणाचे असतात. वडी मगात हलत असेल तर मायक्रोवेव्हमध्ये वितळवू नये. ती उफाळते, करपते आणि दाबून आलेला घट्टपणा जातो. त्यापेक्षा किसून, चमचाभर कोमट पाणी शिंपडून अंगठ्याने मगात दाबून बसवावी आणि दिवसभर उघडी ठेवावी.