जनावराला मारण्याची सवय डॉक्टरला सांगितली, की थेट पोलीस?

कोकणात वाडीवाडीवर फिरणारा समज असा: कुत्र्याला, गुराला बेदम मारण्याची सवय मानसोपचारतज्ज्ञाला सांगितली की तो पोलिसांत कळवतो. भीती समजण्यासारखी आहे, कारण जनावराला छळणं १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे. पण तो कायदा डॉक्टरवर कळवण्याची सक्ती करत नाही. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ उपचारातली माहिती गुप्त ठेवायला सांगतं. अपवाद मोजके: दुसऱ्या माणसाला इजा होण्याची शक्यता, कोर्टाचा आदेश वगैरे. कलम वाचा, किंवा पहिल्या भेटीतच विचारा, “यातलं काय बाहेर जाऊ शकतं?”

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाचा केसपेपर काढा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतून, फुकट, चोवीस तास बोलता येतं.

गडबड होते ती सांगण्यात. नुसतं “राग येतो” म्हटलं तर उपचार भलतीकडे जाऊ शकतात. कुठलं जनावर, महिन्यातून किती वेळा, आधी काय घडलं, दारू होती का, नंतर कसं वाटलं, हे लिहून न्या. तोवर जनावर शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधा. चिव्याची काठी लपवून भागत नाही, हात असतोच.