आरोग्य संशोधनातील सहभागींची गोपनीयता

संशोधनासाठी दिलेल्या आरोग्यविषयक माहितीवरून ती देणारी व्यक्ती ओळखू येऊ नये, म्हणून माहिती घेताना, साठवताना आणि इतर अभ्यासकांना देताना घेतली जाणारी काळजी. वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांचा हेलसिंकी जाहीरनामा (१९६४, पुढे अनेकदा सुधारित) याला संशोधकाचे कर्तव्य मानतो.

नाव खोडले की काम झाले, हा समज मोठा चिवट आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९०च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे गाळून, पण जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभाग तसेच ठेवून संशोधकांना दिल्या होत्या. लतान्या स्वीनी या तेव्हाच्या विद्यार्थिनीने त्याच राज्यातील केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेऊन त्या नोंदींशी पडताळली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण निघाले. त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या टपाल विभागात राहणारा एकच. गव्हर्नरांची नोंद सापडली.

म्हणून आता जन्मतारखेऐवजी वयोगट, पत्त्याऐवजी जिल्हा, असे तपशील मुद्दाम ढोबळ करतात. अमेरिकी नियमांची एक पद्धत ८९ वर्षांवरील सर्वांना एकाच गटात टाकते, कारण त्या वयाची माणसे मोजकीच. ‘के-अनामिकता’ या कसोटीनुसार प्रत्येक नोंद किमान ठरावीक संख्येच्या (समजा, चार) इतर नोंदींसारखी दिसली पाहिजे. पण सारख्या दिसणाऱ्या पाचही जणांना क्षयरोग असेल, तर आपला शेजारी त्यांतला नेमका कोणता हे कळायची गरजच उरत नाही. २००६ मध्ये मांडलेली ‘विभेदक गोपनीयता’ आकडेवारीत मोजूनमापून यादृच्छिक फरक मिसळते. दुर्मीळ आजारांच्या छोट्या अभ्यासात मात्र तेवढ्याने निष्कर्षच पुसट होतात.

नावाऐवजी सांकेतिक क्रमांक देऊन त्याची किल्ली, म्हणजे कोणता क्रमांक कोणाचा याची यादी, वेगळ्या कुलुपात ठेवणे म्हणजे छद्मनामीकरण. किल्लीच नष्ट केली आणि उरलेल्या तपशिलांवरूनही व्यक्ती ओळखू येत नसेल, तर ते निनावीकरण. मग सहभागीने माघार घेतली तरी त्याची नोंद शोधून काढता येत नाही. संमतीपत्रात ही गोष्ट सही घेण्याआधी स्पष्ट लिहिलेली हवी.

जनुकीय माहितीपुढे हे उपाय तोकडे पडतात. एखादी व्यक्ती अभ्यासगटात होती की नाही, हे गटाच्या एकत्रित आकड्यांवरूनही ताडता येते, असे २००८ मध्ये दिसले आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने असे आकडे खुल्या संकेतस्थळावरून काढून घेतले. शिवाय सही एकाची असली तरी जनुके काही प्रमाणात भावंडांचीही उघड होतात. एकेका व्यक्तीची जनुकीय माहिती आता बहुधा करार करूनच मिळते. काही ठिकाणी तर अभ्यासकाला सुरक्षित संगणकावरच काम करावे लागते, आणि तपासणी झालेले तक्तेच बाहेर नेता येतात.