‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’: कोकण किनाऱ्यावरील सुगम्यता अनुदानांची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील एखाद्या शाळेच्या, आरोग्य केंद्राच्या किंवा तहसील कार्यालयाच्या दारात आज जो रॅम्प दिसतो, तो बहुधा ‘दिव्यांगांसाठी सुगम्यता’ या नावाने मंजूर झालेल्या पैशातून बांधलेला नसतो. कोणता शाळेच्या बांधकामाच्या निधीतून आला, कोणता निवडणुकीच्या तयारीत, तर कोणता इमारतीच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातील एका ओळीतून. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात ही कायद्याची भाषा गेल्या तीन दशकांत टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. त्या कामासाठी लागणारा पैसा मात्र मागेल त्याला, प्रस्ताव पाठवेल त्याला आणि बहुतांशी मोठ्या शहराला मिळत राहिला. किनाऱ्यावरील लहान गावांच्या वाट्याला जे आले आणि जे आले नाही, त्याचे कारण या विसंगतीत आहे.

सुरुवातीला पैशाचा प्रश्नच नव्हता, कारण सक्तीच नव्हती. अपंग व्यक्तींसाठी इमारतींत कोणत्या सोयी असाव्यात याविषयीचे भारतीय मानक, आयएस 4963, 1968 साली निघाले आणि 1987 मध्ये सुधारले गेले. परंतु ते शिफारशींच्या स्वरूपाचे होते. 1981 हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून साजरे झाले, तरी सरकारी इमारतींच्या नकाशांवर त्याचा परिणाम फारसा दिसला नाही.

खरा आरंभ 1995 च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने झाला. 7 फेब्रुवारी 1996 पासून अमलात आलेल्या या कायद्याच्या कलम 44 ते 46 मध्ये वाहतूक, रस्ते आणि इमारती यांतील भेदभाव दूर करण्याचे कर्तव्य शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकले होते. मात्र त्याच कलमांत ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत’ अशी अट घातलेली होती. निधी नाही असे उत्तर देणाऱ्या कार्यालयाला या अटीने कायद्याचाच आधार मिळवून दिला. तिची धार थोडी बोथट करण्यासाठी केंद्र सरकारने 1999 पासून कायद्याच्या अंमलबजावणीची स्वतंत्र अनुदान योजना सुरू केली. ‘सिपडा’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांनी ती सरकारी कार्यालयांत ओळखली जाते. रॅम्प, कठडे, लिफ्ट, वापरण्याजोगी स्वच्छतागृहे, ब्रेल फलक आणि अंधांसाठीच्या खुणेच्या फरशा यांसाठी राज्यांना व सरकारी संस्थांना या योजनेतून अर्थसाहाय्य देता येते.

देता येते, पण आपोआप मिळत नाही. इमारत निवडायची, सार्वजनिक बांधकाम विभागाकडून अंदाजपत्रक करून घ्यायचे, प्रस्ताव राज्यामार्फत दिल्लीला पाठवायचा, निधी आला की निविदा काढायची आणि काम झाल्यावर निधी त्याच कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, असा हा प्रवास आहे. ज्या नगरपंचायतीत एकच अभियंता पाणीपुरवठ्यापासून गटारांपर्यंत सारे पाहतो, तिच्याकडून असा प्रस्ताव निघण्याची शक्यता किती असेल, हे सांगायला नको.

त्यात कोकणातील बांधकामाची स्वतःची अडचण आहे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पाणी आत येऊ नये म्हणून जांभ्या चिऱ्याच्या इमारतीचे जोते उंच ठेवण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. पण मानकांनुसार रॅम्पचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा. जोते 60 सेंटीमीटर असेल तर केवळ उताराची लांबी 7.2 मीटर होते. वर आणि खाली व्हीलचेअर वळण्यासाठी दीड-दीड मीटरची सपाट जागा धरली तर दहा मीटरच्या पुढे जागा लागते. जोते 90 सेंटीमीटर असेल तर उतारच 10.8 मीटरचा होतो. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी पाडलेल्या आवारात इतकी सलग जागा सहसा नसते. मग ठेकेदार आहे त्या जागेत रॅम्प बसवतो. तो अर्ध्या लांबीचा, म्हणजे दुप्पट चढाचा होतो, आणि स्वतः व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला तो चढता येत नाही. मोजमाप पुस्तिकेत मात्र काम पूर्ण झालेले असते. जून संपेपर्यंत अशा उतारावर शेवाळ धरते, आणि खरबरीत फरशी व दोन्ही बाजूंना कठडा नसेल तर काठी टेकून चालणाऱ्याला शेजारच्या पायऱ्याच अधिक भरवशाच्या वाटतात.

गावोगावी रॅम्प पोहोचले ते खरे तर दुसऱ्याच वाटेने. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदान केंद्रांवर रॅम्पची सोय करण्याचे आदेश दिले, आणि खेड्यातले मतदान केंद्र म्हणजे बहुतेक वेळा जिल्हा परिषदेची शाळा असल्यामुळे लाकडी, तात्पुरते का होईना, पण रॅम्प शाळेच्या दाराशी आले. दुसरीकडे सर्व शिक्षा अभियानाच्या निधीतून शाळांत पक्के रॅम्प बांधले जात होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीने अडथळामुक्त प्रवेश हा शाळेच्या इमारतीच्या निकषांपैकी एक ठरवला. कोकणातील ग्रामीण सुगम्यतेचा सर्वांत मोठा हिस्सा असा शिक्षण खात्यातून आला आहे, आणि तो शाळेच्या फाटकापर्यंतच आहे. फाटकाबाहेरची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, कोणाच्याच अंदाजपत्रकात नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर, ज्याचा अनुच्छेद 9 सुगम्यतेविषयी आहे, भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी शिक्कामोर्तब केले. 3 डिसेंबर 2015 रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झाले आणि सुगम्यतेला प्रथमच वेळापत्रक व उद्दिष्टे मिळाली. 50 शहरांतील 1,600 हून अधिक इमारतींची तपासणी झाली आणि त्यांतील बदलांसाठी राज्यांना केंद्राचे अनुदान देण्यात आले. परंतु अभियानाची रचनाच राजधान्या, मोठी शहरे, विमानतळ आणि वरच्या दर्जाची रेल्वे स्थानके यांभोवती होती. वेंगुर्ले, मालवण, गुहागर किंवा श्रीवर्धन यांच्यासारख्या गावांना त्या चौकटीत जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. अभियानाच्या मुदतीही पुढे पुढे ढकलल्या गेल्या.

वाहतुकीत ही विसंगती आणखी ठळक आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या गाडीत दिव्यांग प्रवाशाला भाड्यात 75 टक्के सवलत आहे. शासन तिकिटाचा भार उचलते, पण साध्या एसटीच्या दारातील उंच पायऱ्या तशाच राहिल्या. जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेच्या अनेक लहान स्थानकांवर फलाट सखल आहेत, आणि डब्याच्या पायदानापर्यंतची ती उंची कोणत्याही सवलतीने भरून निघत नाही. गंमत अशी की मोटारी चढवण्यासाठी बांधलेली दाभोळ-धोपावेसारखी फेरीबोट व्हीलचेअरला त्यामानाने सोपी जाते, आणि मार्च 2020 मध्ये सुरू झालेल्या मुंबई-मांडवा रोरो सेवेचेही, म्हणजे वाहने थेट आत चढवणाऱ्या बोटीचेही, तेच आहे. चारचाकीसाठी केलेला उतार माणसाच्या कामी आला, इतकेच.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने चित्र कागदावर पालटले. 19 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून 21 केले. कलम 44 नुसार मानके न पाळणाऱ्या बांधकामास परवानगी देता येत नाही, तर कलम 45 नुसार अस्तित्वातील सर्व सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करावयाच्या होत्या. त्याच कलमात प्राथमिक आरोग्य केंद्रे, शाळा, रेल्वे स्थानके आणि बसथांबे यांचा प्राधान्यक्रमाने आराखडा करण्यास सांगितले आहे. सुगम्यतेच्या या कलमांत पूर्वीची आर्थिक क्षमतेची अट नाही. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे मुदत जून 2022 मध्ये संपली.

राज्याच्या पातळीवर स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील 3 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखण्याची तरतूद होती, ती पुढे 5 टक्के झाली, आणि डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. खेड्यासाठी हाच सर्वांत जवळचा पैसा आहे, पण तो तुटपुंजा आहे. एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न चार लाख रुपये धरले तर 5 टक्के म्हणजे वीस हजार रुपये होतात. त्यात नियमाप्रमाणे रॅम्प आणि स्वच्छतागृह बसत नाही, म्हणून आर्थिक वर्ष संपता संपता ती रक्कम लाभार्थ्यांना साहित्य किंवा थेट मदत म्हणून वाटली जाते. त्यात गैर काही नाही, कारण घरातील गरजही खरीच आहे. पण त्यामुळे सार्वजनिक जागा आहे तशीच राहते.

8 नोव्हेंबर 2024 रोजी दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या नियमांतील नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला. मूळ याचिका 2005 मधली होती. कायदा सक्तीची भाषा बोलत असताना नियमाने मानकांना केवळ मार्गदर्शक तत्त्वांचे स्वरूप दिले, हा न्यायालयाचा मुख्य आक्षेप होता, आणि ज्यांत तडजोड करता येणार नाही अशी किमान मानके तीन महिन्यांत वेगळी काढण्याचा आदेश केंद्राला देण्यात आला. मानके न पाळणाऱ्या इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला रोखण्यासारखे कायद्यातले उपाय वापरावेत, असेही न्यायालयाने सांगितले.

नव्या इमारतींपुरता हा निकाल उपयोगी पडेल, कारण तेथे खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरता येतो. जुन्या चिरेबंदी कार्यालयांचे आणि आरोग्य केंद्रांचे काय, याचे उत्तर त्यात नाही. त्यांच्यासाठी आजही प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि राज्याची शिफारस हाच मार्ग आहे. शिवाय या अनुदानांचा रोख बांधकामाच्या एकरकमी खर्चावर आहे. दर पावसाळ्यानंतर उतारावरचे शेवाळ घासणे, गंजलेला कठडा बदलणे आणि खचलेली फरशी बसवणे हा खर्च खाऱ्या हवेच्या या किनाऱ्यावर दरवर्षीचा आहे, आणि तो कार्यालयाच्या किरकोळ दुरुस्तीच्या तरतुदीतून, गळक्या छपरानंतर काही उरले तर, होतो.